ओटीत घातलेली पोर

कारा-बुलाक, १४ एप्रिल १९८१

सूनबाई जिपार,

तुझं पत्र पोचलं. तू बरी, तुरगुन बरा, फ्रुंझे शहरातलं बर्फ वितळलं, हे वाचून बरं वाटलं. तेवढ्यावर थांबली असतीस तर पत्र उशाशी ठेवून झोपले असते. पण खाली आणखी चार ओळी होत्या.

"एर्केला सप्टेंबरात सातवं वर्ष पुरं होईल, तिला इथल्या शाळेत घालावं असं आम्हाला वाटतं." आम्हाला म्हणजे कुणाला गं? माझ्या लेकाला काही वाटायचं झालं तर तो आधी बापाच्या थडग्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि मग त्याला काही वाटत नाही. त्याला मी वाढवलाय. हे वाटणं तुझं एकटीचं आहे.

पोर म्हणजे शेजारणीकडून आणलेली कढई नाही, की सण झाला, घासून परत द्या. पहिलं मूल आजी-आजोबांचं. ही रीत मी काढली नाही. चाळिसावा दिवस उलटल्यावर तू स्वतः तिला माझ्या ओटीत घातलीस. तेव्हा तू रडलीस, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण माझ्या सासूनंही तसंच केलं होतं. मी एकोणीस वर्षांची असताना माझी पहिली लेक उलकान तिच्या ओटीत घातली. आज उलकान ओशला असते, स्वतः आजी झालीय, आणि अजून मला 'वहिनी' म्हणते. मी मेले का? तिच्यानंतरची तीन गेली. मग तुझा नवरा झाला. त्याचं नाव 'तुरगुन' ठेवलं, म्हणजे बाबा थांब, आणि तो थांबला.

तुझं दुसरं राहिलं नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता होणार नाही. मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तुझी झोळी रिकामी म्हणून मी माझी उलटी करू का? एर्के मला आई म्हणते, तुला वहिनी म्हणते, आपल्या बापाला दादा म्हणते. तुम्ही तिच्यासाठी उन्हाळ्यात येणारी, खाऊ आणणारी माणसं आहात. शहरात नेऊन एका सकाळी सांगणार का तिला, की आई ती आई नव्हे, वहिनी ती आई?

तू लिहिलंस, "आई, थोडा आमचाही विचार करा." सरळ स्वार्थी म्हण ना. तुझ्या सासऱ्यांना जाऊन तीन हिवाळे झाले. सकाळी उठल्यावर ज्याच्याशी भांडावं असं एकच माणूस या घरात आहे, आणि त्याचे पुढचे दात पडलेत. हा स्वार्थ असेल तर असू दे. दुधापेक्षा साय प्यारी, हे तुला साय आल्यावर कळेल.

शाळा इथेही आहे. तुरगुन इथेच शिकला आणि इंजिनियर झाला.

तुझी सासू,
कलिपा

ता. क. लोकरीच्या नमद्यावर बसून लिहितेय म्हणून ओळी उताराला लागल्यात. वाचून घे.


२१ मे

जिपार,

बूट मिळाले. लाल आहेत, छान आहेत. एर्के ते घालून कोंबड्यांना दाखवून आली. पण चावतात गं. शहरात पाय अरुंद असतात का माणसांचे? पोर उजव्या पायावर भारच देत नाही. मी काढून ठेवले, तर आता अनवाणीसुद्धा तशीच चालते. एकदा खोड लागली की लागली.

बाकी खाते, हसते. जरा लाडावलीय. चढ आला की "आई, उचल" म्हणते. तुझा चुलतसासरा जुनुश म्हणतो, "वहिनी, पोरीला कधीतरी जमिनीवर ठेव. पायांना मुळं फुटायची सोड, ते गळून पडतील." मी म्हटलं, "तुझी जीभ नाही गळत ती, रात्रंदिवस वापरतोस तरी." तो आणि त्याची बायको बातमा दोघेही हसून लोळले.

झोपताना मी तिच्या मांडीला दुंब्या मेंढ्याची चरबी चोळते. थंडीनं अंग आखडतं, दुसरं काही नाही. कोकरं भरपूर झाली यंदा. पुढच्या आठवड्यात वर कुरणावर जाऊ.

तू पत्रात भांडली नाहीस, त्याचंच मला जास्त लागलं.

कलिपा


कुरणावरून, १९ जून

जिपार, तुरगुन,

जुलैत येताय असं जुनुश म्हणाला. या. तंबू मोठा लावलाय, घोडीचं दूध आंबतंय, बकरा बांधून ठेवलाय.

एर्के आता तांबड्या घोडीवर बसते. आमची ती म्हातारी घोडी, तुरगुन ओळखेल, कोकरासारखी गरीब. सकाळी बसवली की पोर संध्याकाळीच उतरते. पाणी आणायचं घोडीवर, मेंढ्या वळवायच्या घोडीवर. बातमा म्हणते, ही लघवीलासुद्धा घोडीवरून जाईल. किरगीझाच्या पोरीला पाय दोन असले काय आणि चार असले काय, वर बसता आलं म्हणजे झालं.

येताना साखर आणा. बूट नकोत.

कलिपा


कुरणावरून, २८ जुलै

सूनबाई,

तुम्ही गेलात त्या दिवसापासून लिहीन लिहीन म्हणतेय.

मला वाटलं होतं तू भांडायला येशील. तू आलीस, चुलीशी बसलीस, माझ्या आधी उठून दूध काढलंस. मी तुझ्याकडे बघत होते, तू पोरीकडे बघत होतीस. ती टेकडीवरून दौडत सामोरी आली तेव्हा तुझा हात तोंडावर गेला. "वहिनी, बघा, मी लगाम सोडून चालवते!" असं ती ओरडली आणि खरंच दोन्ही हात वर केले तिनं. तुरगुननं तिथेच फोटो काढला. म्हणाला, "आईनं हिला पक्की किरगीझ केलीय. आमच्याकडची पोरं जिना चढताना धापा टाकतात."

तू म्हणालीस, "उतर ना गं राणी, जरा मिठी मारू दे."

मी मध्ये पडले. "घोड्यावरच्या माणसाला कुणी उतरवतं का? तूच चढ वर."

तू चढायला गेलीस आणि पलीकडे पडलीस. सगळे हसले, तूही हसलीस, आणि उतरायचं राहून गेलं. तेव्हा मी बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस. शहरातल्या सुनेला घोड्यावरून चिडवायचं नाही तर कशावरून चिडवायचं?

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "ही बाकीच्या पोरांत धावत का नाही?" मी म्हटलं, त्यांना धावावं लागतं, त्यांच्याकडे घोडी नाही. संध्याकाळी ती झोपलेली असताना तू तिच्या पायावरून हात फिरवलास आणि तिनं झोपेतच पाय आखडून घेतला. तुझा चेहरा पडला. तिला गुदगुल्या होतात गं, माझ्याशीही असंच करते. तुझ्यावर राग नाही तिचा.

निघताना तू म्हणालीस, "एक वर्ष ठेवते. पोर खूश आहे, तांबूस झालीय, मला तिला तोडायचं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात नेणार." मी म्हटलं, वर्षाचं वर्षानं बघू. खरं सांगू? तुझी गाडी खिंडीआड जाईपर्यंत मी तिच्यावरून नजर हलवली नाही. एर्केला खाली घेतलं, तर ती न जेवताच झोपली. पाहुण्यांत दमते.

या वयात सुखी आहे म्हणून सांगायला लाज वाटते, पण मी सुखी आहे. बातमानं मला गाताना ऐकलं. म्हणाली, "भावजी गेल्यापासून पहिल्यांदाच." तुझ्याजवळचं काढून मी सुखी झालेय हे मला कळतं, मी मूर्ख नाही. पण भुकेल्यानं आधी खावं की आधी पंक्तीतल्या सगळ्यांची विचारपूस करावी?

तू फार चांगली सून आहेस. एवढी चांगली नसतीस तर मला सोपं गेलं असतं.

कलिपा


कारा-बुलाक, १७ सप्टेंबर

जिपार,

शाळा सुरू झाली. पांढऱ्या फिती बांधल्या, फुलं दिली हातात. मी तिला घोडीवरून शाळेच्या पायरीपर्यंत सोडते आणि पायरीवरूनच उचलून आणते. गाव हसतं. म्हणतात कलिपा खानाची लेक सांभाळतेय. हसू देत. गावाला दुसरा उद्योग काय आहे?

दवाखान्यातली नर्स आहे ना, रोझा, परवा परवा शिकून आलेली, ती तुला पत्र लिहील कदाचित. लिहिलंच तर मनावर घेऊ नकोस. तिनं शाळेत पोरांना टोचायच्या वेळी एर्केला बघितलं आणि माझ्या घरी आली, बूट न काढता आत आली, आणि मला म्हणाली, "आजी, हिला नारीनच्या मोठ्या दवाखान्यात न्या, फोटो काढा हाडाचा." मी म्हटलं, "तुझी आई गुडघ्यावर रांगत होती तेव्हापासून मी पोरं वाढवतेय. मला आजी म्हणू नकोस, मी हिची आई आहे." ती निघून गेली.

मी काही हातावर हात ठेवून बसलेली नाही. वरच्या वाडीतला हाडं बसवणारा म्हातारा आणला होता. त्यानं बोटांनी चाचपलं, एक मेंढी कापायला लावली आणि पोरीला ताज्या कातड्यात गुंडाळून ठेवलं रात्रभर. घाम आला भरपूर. आता हलकी वाटतेय. सर्दीच असते ही, हाडात उतरलेली.

तू विचारतेस ती पत्र का लिहीत नाही. अजून अक्षरं येत नाहीत तिला. आली की लिहील.

कलिपा


नारीन, दवाखान्यात, २३ ऑक्टोबर

जिपार,

हे पत्र तुरगुनच्या खिशात घालतेय. तो बाहेर गाडीत गाद्या अंथरतोय. तार मिळाल्यावर रात्रभर गाडी हाकत आला.  त्यानं तुला काही सांगायच्या आत तू हे माझ्याच हातचं वाच.

एर्केच्या उजव्या खुब्याचं हाड किडलंय. क्षयाचा किडा, हाडातला. डॉक्टर म्हणाले बरेच महिने झाले असावेत. मी म्हटलं, हो.

मे महिन्यापासून मला माहीत होतं. बूट चावत नव्हते. काहीतरी आहे हे माहीत होतं, काय आहे ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं, कारण शहरातला दवाखाना तुझ्या घरापासून जवळ आहे. एकदा गेलेली पोर मला परत मिळाली नसती. तुम्ही कुरणावर यायच्या आधी मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "पाय दुखतो म्हणालीस तर दादा-वहिनी तुला मोटारीत घालून नेतील. मग आई एकटी राहील." तिनं विचार केला जरासा. मग म्हणाली, "मग मी घोडीवरच बसते ना." ही युक्ती माझी नव्हे, जिपार. तिची. मी फक्त सकाळी उचलून वर ठेवत होते.

परवा काय झालं ते सांगते. मी शाळेत जरा लवकर गेले. मधली सुट्टी होती, पोरं अंगणात. खिडकीतून पाहिलं तर वर्गात ही एकटीच. फळ्यापासून बाकापर्यंत यायचं होतं तिला. एक हात भिंतीला लावून, पाय ओढत, तोंडात बाही कोंबून येत होती. बाही कोंबली होती, कारण रडण्याचा आवाज होऊ नये. मी दारात गेले. तिनं मला पाहिलं, बाही काढली, भिंतीवरचा हात काढला, आणि सरळ चालत आली माझ्याकडे. अगदी सरळ. ओठावर घामाचे थेंब आणि वर हसू. म्हणाली, "बघ आई, लंगडत नाहीये मी. वहिनीला कळवू नकोस हं."

मला वाटत होतं त्या घरात मी तिला सांभाळतेय.

मी तिला तिथून उचललं ते घरी न नेता जुनुशच्या ट्रकमध्ये घातलं. रस्ताभर ती विचारत होती, "आई, चुकलं का माझं? परत चालून दाखवू?" जुनुश, ज्याची जीभ कधी थांबत नाही, तो सबंध रस्ताभर समोर बघत होता.

तुरगुन आत आला. त्यानं तिला उचललंय. ती माझ्याकडे हात करतेय. तो म्हणतो, "आई, तू मागे हो." होते.

कलिपा


कारा-बुलाक, ९ डिसेंबर

जिपार,

तुझं पत्र वाचलं. नंतर बातमाला वाचून दाखवलं. मला वाटलं दुसऱ्या कुणी ऐकलं तर त्यातलं काहीतरी कमी होईल. झालं नाही.

दोन वर्षं प्लास्टरमध्ये, छातीपासून टाचेपर्यंत. मग पाय आखूड राहणार तो राहणारच. वसंतात आणली असती तर वेगळं झालं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे तू लिहिलंस. बरं केलंस लिहिलंस. तू ते माझ्यापासून लपवलं असतंस तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? शिवी मात्र एकही घातली नाहीस. मी पत्र उलटसुलट करून शोधली. एखादी असती तर मला धरायला काही मिळालं असतं.

आणि पुढे तू लिहितेस की ती खात नाही. भिंतीकडे तोंड करून असते. तू रोज जातेस, तिचं अंग पुसतेस, केस विंचरतेस, आणि ती तुला म्हणते, "वहिनी, तुम्ही जा, आईला पाठवा." आणि एवढं झाल्यावरही तू मला लिहितेस, "आई, या. तिच्यासाठी या. मी माझं बघेन."

जिपार, गावातलं निम्मं म्हणतं जा, निम्मं म्हणतं कुठल्या तोंडानं जाशील. जुनुश म्हणाला, "वहिनी, आयुष्यात एकदा तरी स्वार्थ सोड आणि जा त्या पोरीकडे." मी बोचकं बांधलं. वाळवलेल्या दह्याचं कुरुत घेतलं, लोकरीचे मोजे घेतले. त्याच्या ट्रकमध्ये चढून बसले. आणि वेशीपाशी उतरले.

का उतरले ते तुला सांगते, जुनुशला सांगितलं नाही.

उलकान आठ वर्षांची असताना तिला गोवर निघाला. सासू पाय मोडून पडली होती, म्हणून पोरीजवळ बसायला मला मिळालं. मला मिळालं असंच म्हणते, कारण मी मनातून हरखले होते. लेक तापानं फणफणलेली आणि मी हरखलेली. आधी ती मला ढकलायची, सासूला बोलावायची, खात नव्हती. मी बसून राहिले. मग एकदा तिनं तारवटलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि 'आई' अशी हाक मारली. माझ्या तोंडून आवाज फुटेना. तेवढ्यात पलीकडून सासूनं ओ दिली, काठी टेकत आली, आणि पोरगी तिच्याकडे वळली. त्यानंतर मला तशी हाक कधीच नाही. सासूचं काय चुकलं? आजारी पोरीनं हाक मारली, ती आली. कुणीही आलं असतं. सगळ्यांनी तिची वाहवाच केली.

मी आले तर एर्के जेवेल. मला माहीत आहे ती जेवेल. माझ्या हातून दोन घास खाईल, हसेल, आणि तू दारात ताट घेऊन उभी राहशील. दोन वर्षं मी काही तिथे राहू शकणार नाही. मी परत निघेन तेव्हा ती पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, आणि तुझ्याकडे ती कधी वळायचीच नाही. मला माहीत आहे ते दारातलं उभं राहणं.

पण हे एवढंच कारण असतं तर मी स्वतःला शाबासकी दिली असती, आणि मी तसली नाही. मला भीतीही वाटते. ती मला बघून पुन्हा सरळ पडायचा प्रयत्न करेल, दुखत नाही म्हणेल, मला बरं वाटावं म्हणून. ते मला बघवणार नाही. म्हणजे मी तिच्यासाठी येत नाहीये की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही. दोन्ही इतकं एकमेकांत मिसळलंय, की लोकर आणि माती वेगळी करायला बसावं आणि हाताला दोन्ही लागावं.

लोक म्हणतात स्वार्थी माणसाला सुख लागत नाही. खोटं आहे. मी सुखी होते. या उन्हाळ्यात मी होते इतकी सुखी नवी नवरी असतानाही नव्हते. सुख मी भोगलं आणि दुखणं तिनं काढलं, तोंडात बाही कोंबून, एवढीच गोष्ट आहे. आता सुख गेलं तर मी चांगली झाले असंही नाही. घर रिकामं आहे, चूल कधी पेटवते, कधी नाही. बातमा ताट आणते, ते मी खाते. मला भूक लागते, याचीच लाज वाटते.

तर मी येणार नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण, तिला काय सांगायचं ते सांग. आजारी आहे म्हण, कुरणावर गेली म्हण. फार विचारू लागली तर म्हण, आईला तुझी आठवण येत नाही. नको, हे म्हणू नकोस. मला एवढं जमत नाही.

आता नीट ऐक. तिला मटणाचं पाणी आवडतं, पण कांदा दिसला की तोंड मिटते, तो गाळून टाक. दूध थंड देऊ नकोस. झोपताना कुणीतरी कानाची पाळी हातात धरावी लागते, डाव्या कानाची, नाहीतर झोपत नाही. दुखत असलं तर ती सांगणार नाही. ती न सांगायलाच शिकलीय. म्हणून "दुखतं का" असं विचारू नकोस, "किती दुखतं" असं विचार. गप्प राहिली तर पुन्हा विचार. रडली तर रडू दे, भरपूर मोठ्यानं रडू दे, बाकीच्या पेशंटांची पर्वा करू नकोस. पहिल्यांदा ती मोठ्यानं रडेल तेव्हा मला कळव.

ती तुला ढकलेल. थुंकेल कदाचित, माझीच पोर आहे. तू उठू नकोस.

आणि कधीतरी अर्धवट झोपेत, तापात, ती 'आई' म्हणून हाक मारेल. मलाच मारलेली असेल ती हाक. तरी आई गावी आहे असं सांगू नकोस. थांबूही नकोस, माझ्यासारखी. तू ओ दे.

कलिपा